सोमवारचा बांगडा

भाचीला बढती मिळाली तेव्हा तिने जाहीर केलं की या वेळची पार्टी आजीला. मी आणि माझी बायको आजीची ने-आण करायला म्हणून सोबत. अडचण एकच निघाली. भाचीची सुट्टी सोमवारी आणि आईचा सोमवार असतो. असतो म्हणजे उपास नाही, पण सोमवारी आई शिवराक खाते. आमच्या मालवणी मुलखात खाण्याचे दोनच प्रकार, शिवराक आणि वशाट. शिवराक म्हणजे मासे-मटण नसलेलं. वशाट म्हणजे जेवण.

"मग व्हेज जागा बघते," भाची म्हणाली आणि दोन दिवसांनी फोनवर पत्ता आला. वांद्रे पश्चिम, एका जुन्या बंगल्यात. पूर्ण शाकाहारी, 'स्मॉल प्लेट्स'. सातचा स्लॉट, नऊला टेबल सोडायचं. मी राहतो भांडुपला. भांडुपहून सोमवारी संध्याकाळी टॅक्सीने वांद्र्याला जायचं म्हणजे सातच्या जेवणासाठी साडेपाचला निघायचं, आणि नऊला ते उठा म्हणणार असतील तर टेबलापेक्षा रस्त्यातच जास्त वेळ बसायचं. हे मी बोलून दाखवलं. आई म्हणाली, "तू येव नको." मग मी गप्प बसलो.

बंगला सापडेपर्यंत गाडीवाल्याने तीन गल्ल्या फिरवल्या, कारण बाहेर पाटीच नाही. अशा जागांना पाटी नसते. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी यावं, बाकीच्यांनी पुढे जावं. आत शिरलं की अंधार. म्हणजे दिवे होते, पण ते भिंतीवर, कुंड्यांवर आणि बारमधल्या बाटल्यांवर पाडलेले. टेबलाच्या वाट्याला एक मेणबत्ती. मेनू वाचायला मला मोबाइलचा टॉर्च लावावा लागला. आजूबाजूला पाहिलं तर पन्नाशी ओलांडलेले सगळेच तेच करत होते, अधूनमधून काजवे चमकावेत तसे. आईने मेनू उघडलाच नाही. "तू सांग गो बाय," ती भाचीला म्हणाली आणि खुर्चीत मागे रेलून लोक बघत बसली.

मग वेटर आला. विशी-बाविशीतला तरतरीत मुलगा. त्याने आधी 'कॉन्सेप्ट' समजावून सांगितला. प्लेट्स लहान आहेत, सगळ्यांनी वाटून खायच्या, चौघांना नऊ-दहा पुरतील, आणि जे जसं तयार होईल तसं येईल, आधी-नंतर असं काही नाही. मी विचारलं, "राइस?" तो म्हणाला, "आहे ना सर, क्रिस्पी राइस, फोर पीस." भाताचे पीस. मी पुढे काही बोलणार तोच बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

खरं तर लहान प्लेट मुंबईला नवी नाही. उडप्याकडे 'एक प्लेट इडली' म्हटलं की दोन इडल्या येतात आणि त्यात कुणाला कॉन्सेप्ट दिसत नाही. स्पेनमधल्या लोकांचे टापा (शब्दाचा अर्थ झाकण), लेबनॉनकडचे मेझे, जपानी इझाकायातल्या बश्या, हे सगळं बहुतेक पेल्याच्या सोबतीने तोंडात टाकायचं खाणं. त्याला आपल्याकडे चखणा असा स्वच्छ शब्द आहे. चखण्यानंतर जेवण असतं, एवढाच काय तो फरक.

हॉटेलवाल्याच्या बाजूने मात्र हिशेब चोख आहे. चार माणसांची चार ताटं एकाच वेळी गरम बाहेर काढायची कसरत स्वयंपाकघराला राहत नाही, जे झालं ते पाठवलं. रिकामी बशी लगेच उचलली की टेबल वीतभर असलं तरी चालतं. आणि साडेचारशेच्या थाळीसमोर पाच वेळा विचार करणारा माझ्यासारखा माणूस साडेचारशेची बशी मागवताना विचार करत नाही, एवढीशी तर आहे म्हणतो, आणि अशा दहा मागवतो. शिवाय ताट समोर आलं की माणूस एका नजरेत सगळं पाहतो आणि पोटात कशासाठी किती जागा ठेवायची ते ठरवतो. इथे पुढे काय येणार, किती येणार, कधी येणार, काहीच कळत नाही. उपाशी राहू या भीतीने आणखी दोन सांगितल्या जातात. आम्हीही सांगितल्या.

पहिली आली ती सुरणाची. मातकट काळी बशी, तव्यावर कडा करपवलेले जाड काप, वर कोकमाचा घट्ट चकचकीत पाक, पांढरे तीळ आणि कसल्याशा पानाचे तुरे. तुकडे तीन. आम्ही चार.

आमचं "तू घे, तू घे" सुरू झालं. मराठी माणसं या खेळात दहा मिनिटं सहज काढू शकतात आणि तोवर पदार्थ निवतो. आईने सुरी उचलली. प्रत्येक तुकड्याची एका बाजूने बरोबर पाव हिश्श्याची पट्टी कापली. तीन पाऊण-पाऊण तुकडे आमच्या तिघांच्या बशीत, तीन पट्ट्या स्वतःच्या. उरलेला पाक चमच्याने चार ठिकाणी सारखा सोडला. हे सगळं मेणबत्तीच्या उजेडात, चष्मा न लावता. वेटर बघत राहिला. मला त्यात नवं काही नव्हतं. ही सुरी चालताना मी कळायला लागल्यापासून पाहत आलोय.

भांडुपच्या टेकडीवर आमची खोली होती आणि खाणारे आम्ही सात. बांगडे आणले तर एका बांगड्याचे तीन तुकडे व्हायचे. मधला वडिलांना आणि काकांना, शेपटीकडचा पोरांना, डोकी आईच्या आमटीत. पहिल्या तारखेच्या आसपास सुरमई आली तर तिच्या तुकड्या तव्यावर पडायच्या आधीच आम्ही भावंडं मोजून ठेवायचो आणि कुणाला जाड मिळाली यावरून रात्री भांडायचो. माझी बहीण, म्हणजे या भाचीची आई, आजही एका गणेशोत्सवानंतरच्या पापलेटाबद्दल माझ्याशी नीट बोलत नाही. मासे कधी 'घे रे' म्हणून वाढले गेले नाहीत. मासे वाटले जायचे, आणि वाटणाऱ्या हाताकडे सात जोडी डोळे लागलेले असायचे.

शिवराकाच्या दिवशी याच्या उलट. डाळ, भाजी, उसळ, काय असेल ते टोपासकट मधे ठेवायचं आणि आई म्हणायची, "होया तितक्या घे." तेवढं ऐकलं की भूक मरायची. जे हवं तितकं मिळतं त्यात राम नाही, हे आम्ही पाटी-पेन्सिलच्या वयात शिकलो होतो. आता इतक्या वर्षांनी विचार करतो तर काळ्या वाटाण्याचं सांबारं, तिरफळ घातलेलं खतखतं, ऋषीची भाजी, खापरोळी, शिरवाळे, असलं जेवण आमच्या घरात व्हायचं आणि आम्ही तोंडं वाकडी करून जेवायचो. कारण ते मोजून नव्हतं.

वांद्र्याच्या या बंगल्यात त्यांनी केलंय ते एवढंच. सुरणाला सुरमईच्या पंक्तीला बसवलंय. एका बशीत तीन तुकडे, आणि चार माणसांचे आठ डोळे त्यांच्यावर. मीही माझा पाऊण तुकडा पुरवून पुरवून खाल्ला. सुरण चार घासात संपवलेला मला आठवतो, पण पुरवून खाल्लेला नाही.

आईने आपली एक पट्टी तोंडात टाकली आणि थांबली. मला वाटलं आवडलं नाही. ती घशाचा अंदाज घेत होती. सुरण नीट न शिजवता पुढे केला तर खाजतो, म्हणून तिच्या हिशेबात सुरणाचा निकाल मिनिटभराने लागतो. मिनिट गेलं. "खाजणा नाय. बरां शिजवल्यानी हां." मग दुसरी पट्टी.

सुरणाचे काप म्हटले की तिला नीरफणसाचे काप आठवणारच. ज्याला कुणी विलायती फणसही म्हणतात, त्याच्या चकत्या मसाला लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकल्या की बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, लांबून बघणाऱ्याला सुरमई वाटावी. पुढे एकदा वाचनात आलं की याच झाडाची हजारभर रोपं ताहितीहून वेस्ट इंडीजला नेताना १७८९ साली 'बाउंटी' नावाच्या इंग्रजी जहाजावर बंड झालं होतं. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायला हे फळ बरं, अशी योजना. खलाशांनी कप्तान ब्लायला होडीत घालून सोडून दिलं आणि रोपं समुद्रात फेकली. ब्लाय चिवट, तो पुन्हा गेला आणि १७९३ मध्ये रोपं पोचवून आला. ज्यांच्यासाठी आणली त्यांना ते फळ सुरुवातीला मुळीच आवडलं नाही. कुणी दुसऱ्याच्या पोटाचा परस्पर हिशेब केला की असं होतं. आईला मी ही गोष्ट पूर्वीच सांगितली आहे. तिचं म्हणणं, त्यांनी काप करून बघायला हवे होते.

तोवर टेबलं भरली होती. शेजारी एक मोठं कुटुंब येऊन बसलं. आजी-आजोबा, दोन जोडपी, एक बाळ. त्यांनी मेनू हातात घेण्याआधी विचारलं, "जैन होईल ना?" वेटरने मान डोलावून मेनूतल्या अर्ध्या ओळींवरून बोट फिरवलं, म्हणजे सुरण, बीट, बटाटा, कांदा, लसूण सगळं बाद. पलीकडे दोन मुली होत्या, त्यातली एक व्हीगन. तिने दह्याबद्दल आणि चीजबद्दल इतके बारीक प्रश्न विचारले की मला स्वयंपाक्याची दया आली. आणि आमच्या टेबलावर आई, वाराने शाकाहारी. रात्री बारापर्यंत. चौकटीतल्या त्या हिरव्या ठिपक्याखाली हे सगळे एकत्र बसलेले, एकमेकांशी काहीही संबंध नसलेले. मधेच कुठेतरी मी, ज्याला फक्त भात हवा होता.

मग एकामागून एक येत गेलं. बीट आणि घट्ट दही, ठीक. बुराटा नावाचं चीज, टोमॅटोवर बसवलेलं, कापलं की आतून साय सांडते. मुंबईत सध्या हे नसेल तर हॉटेलला परवाना मिळत नसावा. बायकोला आवडलं. कमळकाकडीचे काप, पातळ, चटकदार, माझ्या मते चखणाच. क्रिस्पी राइसचे चार पीस आले तेव्हा मी एक उचलून हातावर फिरवून पाहिला. तळलेल्या भाताची वडी. चव वाईट नव्हती, पण भाताला असं कोपरे असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मश्रूम आली ती पाव आणि लोण्याबरोबर, बशीतून वाफा निघताना. लोण्यात काहीतरी जपानी होतं, खारट आणि खोल. भाची म्हणाली, ही इथली फेमस डिश आहे, आजी, खाऊन बघ. आईने एक मश्रूम उचललं, नाकाजवळ नेलं. "ह्येका वास खय हा?"

तिचा प्रश्न रास्त होता. आमच्याकडे अळंबी म्हणजे आधी वास. पावसाळ्यात वाळवीच्या वारुळांपाशी ती उगवते. वारुळाच्या पोटात वाळवीच तिची बाग राखते, म्हणून माणसाला ती शेतात लावता येत नाही, जिथे फुटेल तिथे शोधायची. ज्याला जागा ठाऊक असते तो ती सख्ख्या भावालाही सांगत नाही. आजोळी माझा मामा पहाटे एकटाच निघायचा आणि पंच्याची झोळी करून परत यायचा. श्रावणात देवाने वशाट बंद केलं तरी अळंबीपुरती खिडकी उघडी ठेवली आहे, असं आमच्यात सगळे मानतात. कांदा-खोबऱ्याच्या वाटपात तिचं सुकं शिजायला लागलं की चार घरांपलीकडे कळायचं. आणि ते मोजून वाढलं जायचं, हेही आत्ता लिहिताना लक्षात येतंय. शिवराकातली ती एकच गोष्ट आम्ही मोजून खायचो.

यानंतर आला फणसाचा टाको. कोवळा फणस शिजवून रेषा रेषा सुटा केलेला, धुरकट गोडसर सॉसमध्ये माखलेला. मेनूत लिहिलं होतं की तो हुबेहूब मटणासारखा लागतो. आईने खाल्ला, सावकाश चावला आणि निकाल दिला. "फणस तो फणस. तेका मटणाचा सोंग कित्याक?"

भाचीने बाजू मांडली. ज्यांनी मांस सोडलंय त्यांना तसला पोत हवासा वाटतो, वगैरे. मला आईचं पटलं. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, वर ओलं खोबरं, मोहरी-मिरचीची फोडणी, ही फणसाची स्वतःची अशी चीज आहे. तिला स्वतःच्या नावाने मिरवता आलं असतं. पूर्ण शाकाहारी म्हणवणाऱ्या जागेने भाजीला मटणाचे कपडे चढवावेत, यात मला आत्मविश्वास कमी दिसला. हे मी तावातावाने बोललो. भाची म्हणाली, "मामा, तुझा टाको संपलाय." संपला होता.

आणि मग काकडी आली.

आईची पाठ स्वयंपाकघराकडे होती. वेटर तिच्या मागून येत होता, बशी अजून टेबलापासून दोन हात लांब होती. आईने मान वर केली, नाकपुड्या फुलल्या, आणि ती तिच्या नेहमीच्या, म्हणजे डोंगरावरच्या शेजारणीला हाक मारायच्या आवाजात म्हणाली, "ह्येच्यात बांगडो हा!"

मालवणी सगळ्यांना कळत नसली तरी बांगडा हा शब्द मुंबईत सगळ्यांना कळतो. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांचा हात घासासकट थांबला. त्यांच्या सुनेने वेटरला विचारलं, "फिश?" वेटर बशी धरून जागच्या जागी उभा. "नो नो मॅम, हंड्रेड पर्सेंट व्हेज." भाचीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं, रडत होती की हसत होती ते अंधारात कळेना.

बशी टेबलावर आली. ठेचलेल्या काकडीचे ओबडधोबड तुकडे, लाल मिरचीचं तेल, तीळ, आणि वर भुरभुरलेली तपकिरी भरड. आईने चमच्याच्या टोकावर भरड घेतली, हुंगली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा चेहरा उजळला होता. "अरे, तिरफळ!"

ज्याने बांगड्याचं तिखलं खाल्लेलं नाही त्याला हे समजावणं अवघड. तिखलं म्हणजे लाल मिरचीचं दाट वाटप, सोलं, आणि उतरवता उतरवता ठेचून टाकलेली आठ-दहा तिरफळं. तिरफळाचं फळ वाटाण्याएवढं. वाळलं की तोंड उघडतं, आतलं काळं बी फेकायचं आणि टरफल ठेवायचं. त्याला लिंबाच्या सालीसारखा, किंचित औषधी, रानटी वास असतो आणि चावलं तर जिभेला मुंग्या येतात. जेवताना ते खात नाहीत, ताटाच्या कडेला सारतात. आमच्या घरी कुणी किती आमटी ओढली ते ताटाच्या कडेच्या टरफलांवरून कळायचं. हा वास आणि बांगडा आमच्या नाकात असे एकत्र बांधले गेलेत की एक आला की दुसरा आलाच. आईच्या नाकाने तिला अगदी खरं तेच सांगितलं होतं.

मेनूत मात्र 'सेशुआन पेपर' लिहिलेलं. भाचीने फोनवर शोधून वाचून दाखवलं की चीनचं सेशुआन पेपर आणि कोकणातलं तिरफळ ही एकाच वंशातली झाडं, झँथोझायलम, आणि मूळ कूळ लिंबू-संत्र्याचं. आई म्हणाली, असतील. तिला चीनशी कर्तव्य नव्हतं. ती वेटरला विचारत होती, साबुत है क्या, अंदर?

तो आत गेला आणि स्टीलच्या लहान वाटीत मूठभर अख्खे दाणे घेऊन आला. आईने एक उचलून मेणबत्तीपुढे धरला. आमच्या तिरफळापेक्षा लहान आणि तांबूस, पण तोंड तसंच उघडलेलं. तो मुलगा वाकून हळूच म्हणाला, "माजी, मेनू में कुछ भी लिखा हो, हमारे पहाड़ में भी होता है ये. टिमरू बोलते हैं. मेरे दादाजी इसी की दातून करते थे."

पहाड म्हणजे गढवाल. चमोली जिल्हा. टिमरूचं झाड काटेरी, त्याच्या काडीने दात घासायचे, दाण्यांची मिठाबरोबर चटणी वाटायची. तिरफळाचं झाडही काटेरी, आईने सांगितलं, खोडालाच काटे, पोरं चढत नाहीत. तो हिंदीतून सांगत होता, आई तिच्या हिंदीतून. "हमारे उधर तिरफल बोलता है. बांगडे में डालता है. बांगडा मालूम है?" त्याला मालूम नव्हता. तो घरचा शाकाहारी. आईने बांगडा हाताने दाखवला, एवढा, पोटाला चांदी, पाठीवर निळ्या-हिरव्या रेघा. तो इतका मन लावून ऐकत होता की शेजारच्या टेबलाने दोनदा पाण्यासाठी हात वर केला तरी त्याला दिसलं नाही.

मला एकदम आठवलं. "श्रावणात," मी आईला विचारलं, "डाळीच्या आमटीत तू तिरफळं घालायचीस. कशाला घालायचीस?"

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आम्ही भावंडं ताटावर रुसून बसायचो, हे आठवत होतं. मग कधीतरी ती आमटी पुढे यायची. लाल, सोलं घातलेली, नुसत्या वाफेने तोंडाला पाणी सुटायचं. आम्ही ताटाच्या कडेला टरफलं मांडत दोन-दोन वेळा भात घ्यायचो. मासा नसायचा, पण तो आत्ताच कुठेतरी गेलाय, येईल, असं वाटायचं.

"तुमी जेवचात म्हणान," आई म्हणाली. एवढंच. आणि काकडीचा मोठा तुकडा उचलला.

म्हणजे सोंग आमच्याही टोपात होतं. टाकोवाल्याला मी उगाच इतकं सुनावलं होतं.

काकडीची बशी आईने मोजून वाटली नाही. तीच पुढ्यात ओढून घेतली आणि जवळजवळ एकटीने संपवली. आम्ही तिघं बघत होतो. तळाला तेल उरलं तेव्हा तिने पाव मागितला. मश्रूमबरोबर आलेला पाव केव्हाच उचलून नेला होता, तर त्या मुलाने आतून दोन स्लाइस आणून दिले आणि बिलात लावले नाहीत. नऊ वाजून गेले होते. दाराशी उभी असलेली बाई आमच्याकडे बघत होती. त्याने तिला लांबूनच हाताने काहीतरी खूण केली आणि आणखी वीस मिनिटं आम्हाला कुणी उठवलं नाही.

बिल भाचीने फोल्डर तिरका धरून भरलं, आजीला आकडा दिसू नये म्हणून. आजीला दिसला असता तरी तिने काही म्हटलं नसतं. जी बाई महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरमई घेते ती भावाला घाबरत नाही. मी मात्र पाहिला. पाच टक्के जीएसटी धरून सहा हजार आठशेच्या आतबाहेर. घरी येताना मी मनातल्या मनात बश्या आठवून तुकडे मोजले, साधारण चौतीस भरले. तुकड्यामागे दोनशे रुपये. आमच्या बाजारात सुरमईच्या तुकडीलाही हा भाव ऐकलेला नाही. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मोजलेस ना तू? मग झालं तर."

आई मागच्या सीटवर भाचीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. निघताना त्या मुलाने रुमालात बांधून दिलेले चार-सहा दाणे तिच्या मुठीत होते. बदल्यात घरची तिरफळं पाठवायचं तिने कबूल केलंय, भाची पुढच्या वेळी घेऊन जाणार. कुर्ला गेलं, घाटकोपर गेलं. मला भूक लागली होती आणि घरी डब्यात सकाळचा भात आहे का, एवढाच विचार डोक्यात होता. विक्रोळीच्या आसपास आई जागी झाली.

"उद्या मंगळवार मां?"

"होय."

"बांगडे घेवन ये. मोठे नको, मध्यम. तिरफळां घरात आसत."

"बरं."

थोडं पुढे गेल्यावर, कांजूरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा, तिने पुन्हा डोळे उघडले.

"आणि येक काकडी. कवळी बघून घे."